माझा मेंदू आधी, बोट मागून

प्रिय धाकटीस थोरलीचे पोटभर आशीर्वाद.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भावजींचा खोकला आणि स्वभाव, दोन्हींना उतार पडला असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही मजेत. मी सांगते आहे, नात लिहून घेते आहे (मधेच तिने काही घुसडलं तर ते माझं नव्हे).

पत्रास कारण असं, की माझ्या मेंदूचे फोटो निघाले. हात हलायच्या आधी मेंदूतला कुठला भाग कधी जागा होतो, याच्या संशोधनामागे नात दोन वर्षं लागली आहे. तरुण माणसं हवी तेवढी मिळाली, म्हातारी मिळेनात. मग घरातलीच धरली. नळीसारख्या यंत्रात आडवं व्हायचं, मनात येईल तेव्हा बोटाने बटण दाबायचं आणि डोकं तसूभर हलवायचं नाही. एवढंच. (एवढंच नाही, आजी. — नात) केसांतल्या पिना काढल्या, कवळीला तार म्हणून तीही काढली. आत असा खडखडाट, की वाटावं कुणी पत्र्यावर हातोडी चालवतंय. पण मी ओंडक्यासारखी पडून.

आणि काय दिसलं सांगू? आधी डोक्यातला पुढचा, बेत करणारा भाग उजळला, मग त्यामागचा हाताचा, आणि मग कुठे बोट हललं. नातीने ते मला पडद्यावर दोनदा दाखवलं. यंत्रावरच्या बाई म्हणाल्या, या वयात इतकं स्वच्छ चित्र! मी म्हटलं, आजी कुणाची आहे? तेव्हा ‘ताईचा हात आधी चालतो, डोकं मागून’ हे तुझं लहानपणापासूनचं पालुपद आता मागे घे. तुला घातलेला प्रत्येक धपाटा विचारपूर्वक होता. (हे सिद्ध झालेलं नाही, मावशीआजी. — नात)

तुझी,
ताई

ता. क. वरचं सगळं पहिल्या फेरीचं. पुढच्या प्रत्येक फेरीत बाई कर्ण्यातून विचारायच्या, “आजी, बरं आहे ना?” बिनदातांनी परक्या बाईशी काय बोलायचं, म्हणून मी मान डोलावत राहिले. सगळे फोटो पुसट. एका फेरीवर भागत नाही म्हणे, आणि एक म्हातारी कमी पडली तर पोरीचं काम अडतं. जेवायला बसली की ताटात नुसती बोटं फिरवत बसते. तेव्हा तू ये. जन्मात तू कुणाच्या म्हणण्याला मान डोलावलेली नाहीस. यंत्राला अशीच बाई हवी.

आणखी ता. क. हे ऐकून ‘नाही’ म्हणून मान हलवत असशील. ती तिकडेच हलवून घे, इथे चालणार नाही.