तांबडी राख

सोलापूर, सोमवार, दिवेलागणीनंतर

बसवराजवर संशय घ्यावा का? माझाच जुना विद्यार्थी. तुरीची वाळकी खोडं, म्हणजे तुराट्या, दळून, दाबून त्याने केलेल्या जळणाच्या कांड्या आज आम्ही कॉलेजच्या प्रयोगशाळेत जाळून पाहिल्या. आच इतकी चांगली लागली की सगळे खूश. मीही. सवयीने भट्टीतली चिमूटभर राख कपाळाला लावली आणि घरी आलो.

दारातच ही म्हणाली, "अहो, विभूती संपली म्हणून वीट उगाळली की काय?"

आरशात पाहिलं. राख तांबडी. तुराट्यांची राख पांढुरकी, मऊ. लहानपणी चुलीतून रोज काढली आहे. अशी तांबडी, खरखरीत राख दगडी कोळशाची. मग ती आच कशाची होती?

आता आठवतं, मी काही विचारलं नव्हतं तरी तो म्हणाला होता, "सर, निव्वळ तुराट्या हायत बगा. दुसरं कायबी न्हाय." दोनदा म्हणाला. का?

की मुळांना चिकटलेली माती असेल? भाजली की तीही तांबडी होते. तसंच असू दे, सिद्धेश्वरा. आमच्या शब्दावर वैरागचे शेतकरी यंदा तुराट्या बांधावर न जाळता बसवराजला देणार आहेत. आत कोळसा निघाला तर आमचं संशोधनच खोटं, आणि त्याला या कामात आणलं मी.

उद्या माती लागलेल्या मुळांसकट तुराट्या मीच जाळतो. राख तांबडी आली तर मनातल्या मनात त्याची माफी मागेन. पांढरी आली तर?

तोंड धुऊन पूजेला बसलो, पण विभूती लावली नाही. उद्याची राख पाहीपर्यंत कपाळ कोरंच राहू दे.