यादीतलं नाव

पेल्टन, आयोवा
२ जानेवारी

प्रिय व्हर्ना,

नवं वर्ष तुला सुखाचं जावो. गुडघा दुखतो असं ऐकलं, आता कसा आहे? लॉइड बरा आहे. दुकान मुलीवर सोपवलंय, तरी रोज सकाळी जाऊन तिच्या कामात नाक खुपसतोच. थंडी अशी की काल गाडीचं दार उघडेना.

तुझा चेक मिळाला. पंचवीस डॉलर, आणि चिठ्ठीत दोनच शब्द: ‘टपाल तिकिटांसाठी.’ चोवीस वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं.

मी काँग्रेसमधल्या आपल्या भागाच्या जागेसाठी उभी राहतेय हे पेपरात वाचलंच असशील. पण पेपरात न येणारं सांगते. चार महिने मी तळघरात बसून रोज पाच तास फोन लावते आणि पैसे मागते. भाषणं कमी, मागणंच फार. नाव सांगितलं की पलीकडून पहिला प्रश्न, "लॉइडला विचारलंस का?" एक जण तर म्हणाला, "मत तुलाच गं. पण पैसे? बाई निवडून येईलसं वाटत नाही." त्याच्या लग्नाचा केक मी केला होता!

फोन ठेवला, पण त्याच्यावर रागावता येईना. ते वाक्य माझं होतं. चोवीस वर्षांपूर्वी तू निवडणुकीला उभी राहिलीस आणि मला फोन केलास, तेव्हा शब्दन् शब्द हेच मी तुला ऐकवलं होतं. वर मी म्हणाले, "यंदा मक्याला भाव नाही, हात आखडलाय."

हात आखडला नव्हता, व्हर्ना. त्याच आठवड्यात तुझ्याविरुद्ध उभ्या असलेल्या माणसाला मी पाचशे डॉलर दिले. त्याचा भाऊ आमचं मोठं गिऱ्हाईक होता. मोठ्या देणगीदारांची नावं जाहीर होतात, कुणीही वाचू शकतं, हे मला माझी यादी भरताना कळलं. म्हणजे तू ते वाचलं असणार. तरी निकालानंतरच्या रविवारी माझ्या शेजारी उभी राहून चर्चमध्ये गायलीस आणि वसंतात गाव सोडून गेलीस. मी मात्र सगळ्यांना सांगत राहिले, हरली म्हणून रुसली.

परवा पक्षाचा ग्रेडन आला होता. डिसेंबरअखेर दोन लाख जमवायचे ठरले होते, जमले एक लाख अकरा हजार.

"तुम्ही खूप केलंत," तो म्हणाला. "आता मोठ्या मनानं बाजूला व्हा. तुमच्या जागी आम्हाला हवा असलेला तरुण वकील आठवड्यात एवढे उभे करेल."

"तो कशाला? त्याचे सासरे करतील."

"कुणी का करेना."

"मला दोन हजार माणसांनी दिलेत. निम्म्याहून जास्त बायका. एकीनं मला चेक देता यावा म्हणून नवऱ्यापासून वेगळं खातं उघडलं. तिला काय सांगू, आता वकिलाला दे?"

"आणि हरलात तर?"

"तर मतं मोजून हरेन, पैसे मोजून नाही."

तो गेला आणि मी उमेदवारीच्या अर्जासाठी सह्या गोळा करायला बाहेर पडले.

शनिवारी दोन वाजता ग्रंथालयात माझी सभा आहे. पैसे मागायच्या आधी मी त्या पाचशे डॉलरांबद्दल बोलणार. ग्रेडन म्हणतो, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताय. पडू दे. पुढच्या बाईला फोनवर ते वाक्य ऐकावं लागू नये असं वाटत असेल, तर ते बोललेल्या बाईनं आधी तोंड उघडायला हवं. तुझं नाव नको असेल तर कळव, गाळीन. माझं गाळणार नाही. माफी या पत्रात मागत नाही. ती चारचौघांतच मागेन. तू ये. ऐकून उठून गेलीस तरी चालेल.

पैसे यादीत सापडतात, मत कुठेच सापडत नाही. म्हणून तेही कबूल करून टाकते.

त्या नोव्हेंबरात तुला मतसुद्धा न दिलेली,
मार्लिस