आजाऱ्यांमध्ये अप्पांचं नाव

सोमवार, ११ मार्च

प्रिय धाकट्या,

चारचौघांत तू फादर, पण तुझं शेंबडं नाक मी पुसलंय. तेव्हा पत्रात धाकट्याच.

तब्येत बरी असेल. इकडे सगळं ठीक. शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, मशीनवरून मान वर करायला फुरसत नाही. तुझ्या जांभळ्या झग्याची शिवण उसवली म्हणालास, तो पाठवून दे.

आता तुझ्या फोनबद्दल. "येत्या रविवारी सगळ्यांसमोर उभी राहा आणि सांग, वाचताना चूक झाली." चूक कसली रे? मृतांच्या प्रार्थनेऐवजी आजाऱ्यांच्या प्रार्थनेत अप्पांचं नाव मी पूर्ण शुद्धीत घेतलं. अप्पा जिवंत आहेत. ते त्या बाईबरोबर निघून गेले, तेव्हा आईनं या नव्या वस्तीत स्वतःला विधवा म्हणवून घेतलं. ते मी समजू शकते, तिला तोंड वर करून जगायचं होतं. पण तू? गेल्या वर्षी ते माझ्या दारात येऊन कोसळले, हे मी तुला लगेच कळवलं होतं. तरी यंदाही त्यांच्या आत्म्याच्या शांतीसाठी मिस्सा केलीस. जिवंत माणसाची! देवही बुचकळ्यात पडला असेल.

आणि मजा ऐक. नाव वाचलं, तसं अख्खं चर्च सवयीनं "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक" म्हणून मोकळं झालं. आईसुद्धा, नेहमीसारखा सगळ्यांच्या वर आवाज काढून. मग कुठे डोक्यात प्रकाश पडला आणि कुजबुज सुरू झाली. बेकरीवाला तर माझ्याकडे सोडून आईकडेच बघत बसला. पण तोवर मागून झालं होतं. देवाकडे मागितलेलं परत कसं घ्यायचं, ते तू सांग.

मध्यस्थी करणं याजकाचं काम, टेलरबाईचं नाही, असं म्हणालास. बाप्तिस्मा घेतलेला प्रत्येक जण याजकपदाचा वाटेकरी असतो, हे तुझ्याच पहिल्या मिस्सेच्या प्रवचनात होतं. मी रडत होते, पण कान उघडे होते माझे. ख्रिस्तानं खिळे ठोकणाऱ्यांसाठी पित्याकडे शब्द टाकला, तेव्हा त्यांनी कुठे माफी मागितली होती? मीही अप्पांना माफ केलेलं नाही. त्यांची चादर बदलताना अजून दातओठ खाते. आधी माफ करीन आणि मग प्रार्थना करीन असं ठरवलं असतं, तर दोन्ही राहून गेलं असतं.

काल आई आली. कपडे बेतते त्या टेबलामागे पडदा लावून अप्पांची खाट टाकलीय, तिथवर. पडद्याच्या फटीतून बघितलं आणि म्हणाली, "दाढी तरी करत जा त्यांची." एवढंच बोलून गेली.

एक सांगायचं टाळत होते. डॉक्टरांनी हात टेकलेत. अप्पांना पापनिवेदन करायचंय. इथल्या फादरांना बोलावते म्हटलं, तर म्हणाले, "बोलाव. पण आधी पोराला विचार. त्याचं सगळ्यात जास्त वाटोळं केलंय मी."

मी त्यांना भरवू शकते, पुसू शकते, त्यांच्यासाठी देवापुढे हट्ट धरून बसू शकते. पापांची क्षमा देणं मात्र माझ्या हातात नाही. दीक्षेच्या दिवशी बिशपांनी तेल लावलं ते तुझ्या हातांना. ते काय नुसते भल्या माणसांवर ठेवायला? राग गिळून ये असं मी म्हणणार नाही. रागासकट ये.

नाही आलास, तर इथले फादर येतील आणि अप्पा तुझ्यावाचून जातील. मग आत्म्याच्या शांतीच्या तुझ्या मिस्सेला खरा अर्थ येईल, पण तेव्हा ती तुला म्हणवणार नाही, हे मी तुला ओळखून सांगतेय.

रविवारी मी उभी राहणार आहे, माफी मागायला नाही. त्यांचं नाव पुन्हा घेणार, आणि त्याला लागूनच तुझं.

तुम्हा दोघांसाठी देवाशी भांडणारी,
ताई