पुलाच्या अलीकडे

३ मार्च, मंगळवार

गेले! आणि परत आलेसुद्धा! अख्खा खाडीपूल, जाताना आणि येताना, मोटारसायकलवरून, एकटीने. वय वर्षं सेहेचाळीस. घरात दोनदा सांगून झालं. तिसऱ्यांदा सुरुवात केली तर हे म्हणाले, "अगं, कळलं." म्हणून आता इथे लिहिते. वही तरी मधे बोलत नाही.

हॉस्पिटलच्या गाडीचा ड्रायव्हर रिटायर झाला तेव्हापासून पलीकडच्या पेशंटांची फेरी बंद पडायच्या बेतात होती. घरोघर जाऊन जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या. मेट्रननी विचारलं, कोण जाईल? सगळ्याजणी जमिनीकडे बघायला लागल्या. माझा हात वर. लायसन्सची शाई अजून वाळायची होती, पण हात वर!

मेट्रन म्हणाल्या, "महिनाभर बघू, सिस्टर. मंगळवार आणि शुक्रवार. दोन खाडे झाले की फेरी बंद. मग पेशंट आपापले येतील."

आपापले! हेडबाईंना, म्हणजे शाळेतून रिटायर झालेल्या मुख्याध्यापिका, पायाला न भरणारी जखम, दुसऱ्या मजल्यावरून खाली आणायला दोन माणसं लागतात. त्या कशा आपापल्या येणार?

आज वारा नव्हता. तेवढं मात्र खरं.

६ मार्च, शुक्रवार

आज होता.

पुलाच्या सुरुवातीला दोन्ही बाजूंनी उंच भिंत आहे. तिथवर मी राणी. भिंत संपली आणि डावीकडून असा दणका बसला की गाडी हातभर उजवीकडे! तोंडचं पाणीच पळालं. आणि मी काय करावं? हँडल आवळलं. बावीस वर्षांची नर्सगिरी अंगात मुरलेली. काही थरथरलं की घट्ट धरायचं. पेशंटचा हात असो, रडणारं मूल असो, घट्ट! मी जितकं आवळलं तितकी गाडी जास्त थरथरली. मग मी आणखी आवळलं. तीही हट्टी, मीही हट्टी.

पोचले एकदाची. हेडबाईंना पट्टी बांधताना बोटं वळेनात. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "अगं, पायाला बांधतेयस की मला खाटेला बांधून ठेवतेयस?" सोडून परत बांधली.

येताना पुन्हा तेच. घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, मस्त झालं.

७ मार्च, शनिवार

भिंगरीला बोलावलं. ताईची मुलगी, माझी गुरू. तेवीस वर्षांची, सामान पोचवायच्या नोकरीवर, दिवसभर गाडीवरच असते. जन्मली तेव्हापासून एका जागी बसलेली नाही, म्हणून भिंगरी. तिनेच मला क्लच म्हणजे काय ते शिकवलं, आणि मी कुंपणात शिरले तेव्हा ताईला सांगितलं नाही.

आधी गाडी बघितली आणि पोट धरून हसत सुटली. पट्ट्यांचा पत्र्याचा डबा मी मागे उभा बांधला होता. चांगला उंच, हात वाकवावा न लागता उघडता येतो. "मावशी, शीड लावलंयस का गाडीला? वारा ह्यालाच धरून ढकलतोय तुला!"

बावीस वर्षं नर्सगिरी केलेली बाई, आणि हे डोक्यात येऊ नये!

मग माझे कोपर धरून हलवले. लोखंड झालं होतं. "हात नुसते ठेवायचे. धरायची ती गुडघ्यांनी. टाकी गुडघ्यांत घट्ट, वरून सगळं सैल. गाडीला सरळ जायचं माहीत आहे, तू तिच्या मधे येऊ नकोस. आणि वारा ज्या बाजूने येईल त्या बाजूचं हँडल हळूच पुढे दाब. ती आपण होऊन वाऱ्यावर रेलते."

डब्याचं ह्यांच्याही कानावर गेलं. ह्यांचं बॅगा दुरुस्तीचं दुकान. दुपारी जेवायला आले नाहीत. संध्याकाळी आले ते दोन चपट्या कॅनव्हासच्या पिशव्या घेऊन. गाडीच्या दोन्ही अंगांना, अगदी खाली बसतात. शिवण अशी की पेशंटच्या टाक्यांनी लाजावं.

१० मार्च, मंगळवार

वारा होता. गुडघे घट्ट, हात सैल. घाबरले नाही. बरं, थोडी घाबरले. पण हे वहीपुरतंच.

१३ मार्च, शुक्रवार

आज काय सांगू! वाऱ्याची आणि माझी आता ओळख झाली. ट्रक शेजारून जायला लागला की वारा एकदम गप्प होतो. तिथे फसायचं नाही. ट्रक पुढे सरकला की तो दुप्पट ताकदीने येतो, मागची थकबाकी वसूल करायला. पूर्वी मी त्या शांततेत खुशाल सुटकेचा निःश्वास सोडत होते. आता तिथेच गुडघे आवळते. शिवाय वाऱ्याच्या बाजूला थोडं सरकून चालवते, म्हणजे ढकललं तरी मला जागा उरते. आला झोत, दाबलं डावं हँडल, गाडी रेलली, गेला झोत. मी हेल्मेटच्या आत मोठ्यांदा हसले. बाहेर ऐकायला कुणी नव्हतं हे बरं.

हेडबाईंच्या जखमेला कडेने गुलाबी कातडी धरायला लागली आहे. त्यांना आरसा धरून दाखवली. म्हणाल्या, "शाबास." जखमेला म्हणाल्या की मला, कोण जाणे! शाबासकी मी स्वतःलाच घेतली. अंगावर मूठभर मांस चढलं.

१७ मार्च, मंगळवार

स्टाफरूममध्ये एकजण विचारत होती, भीती नाही वाटत? मी म्हटलं, सवयीचा प्रश्न आहे. असं म्हणाले! कसली मी शहाणी!

२० मार्च, शुक्रवार

नाही जमलं.

पुलाच्या तोंडाशी खांबाला एक कापडी नळी लावलेली आहे, वारा दाखवायला. रोज ती तिरकी लोंबत असते. आज आडवी, ताठ, इस्त्री केल्यासारखी. मी बघितली. बघूनही पुढे गेले. कारण काय, तर मंगळवारी स्टाफरूममध्ये मारलेल्या गप्पा!

भिंत संपली आणि मला उचलून समोरून येणाऱ्या गाड्यांच्या पट्ट्यात टाकलं. हात सैल होते, गुडघे घट्ट होते, सगळं बरोबर होतं, तरी टाकलं. समोरच्या मोटारवाल्याने इतका जोरात हॉर्न दिला की अजून कानात आहे. कशीबशी कडेला घेतली. उतरले. आणि गाडी ढकलत, वाकून, भिंतीच्या आडोशापर्यंत परत चालत आले. मागून येणारे बघत होते.

पेशंटांना फोन केले. हेडबाईंच्या शेजारणीला फोनवरून एकेक सांगत पट्टी बदलून घेतली. बाकीच्यांना म्हटलं, मंगळवारपर्यंत ओली होऊ देऊ नका.

मेट्रन एवढंच म्हणाल्या, "एक खाडा, सिस्टर."

भिंगरीला सांगितलं, वाटलं समजून घेईल. तर म्हणते, "एवढ्याशा वाऱ्याला? मी दुपारीच जाऊन आले पुलावरून! नाक कापलंस ना माझं, मावशी." हसत म्हणाली. पण लागलं. खूप लागलं. रडले. बाथरूममध्ये, नळ सोडून.

२१ मार्च, शनिवार

हे म्हणाले, "परत आलीस ना? मग?" मी म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं. नंतर वाटलं, उगीच बोलले.

२४ मार्च, मंगळवार

झुळूकही नव्हती. सगळं नीट. कौतुक करण्यासारखं त्यात काही नाही. आणखी एक खाडा झाला की संपलं.

२७ मार्च, शुक्रवार

आजचं सगळं लिहिणार. हात दुखला तरी.

सकाळी पुलाशी पोचले तर नळी आडवी. ताठ. पाचावर धारण बसली. पुढे जावं तर पुन्हा त्या पट्ट्यात. मागे फिरावं तर दुसरा खाडा, फेरी बंद, हेडबाई दुसऱ्या मजल्यावर अडकल्या. काय करू? तेव्हा डोक्यात आलं ते इतकं साधं की हसू आलं. पुढेही जायचं नाही, मागेही नाही. थांबायचं.

पुलाच्या तोंडाशी पंक्चर काढणाऱ्याचं दुकान आहे. त्याला विचारलं, बसू का? त्याने एक जुना टायर सरकवला. बसले. हेल्मेट मांडीवर. सगळ्या पेशंटांना कळवलं, उशीर होईल पण येतेय. हेडबाई म्हणाल्या, "मी कुठे पळून चाललेय?"

बसायला लागलं की कळतं किती कठीण असतं ते. येणारा-जाणारा बघतो. गाडी ठीक दिसते, बाईही ठीक दिसते, मग ही बसली का? पंक्चरवाल्याने दोनदा विचारलं, गाडीत काही बिघाड आहे का. म्हटलं, नाही हो, हवेत आहे.

आणि मग भिंगरी! मागे पार्सलांचा ढीग. करकचून ब्रेक. "मावशी! अंड्यावर बसल्यासारखी काय बसलीस? चल ऊठ, माझ्या मागे मागे ये." पंक्चरवाला बघतोय, त्याची गिऱ्हाइकं बघतायत. जिने मला शिकवलं तीच सांगतेय! उठलेसुद्धा. मग नळीकडे बघितलं आणि परत बसले.

"तू पण जाऊ नकोस," म्हटलं. "पार्सलं उंच झालीत. थांब थोडी."

"मी थांबले तर माझी नोकरी थांबेल," म्हणाली आणि गेली. मी उभी राहून बघत होते. भिंत संपते तिथे तिची गाडी उजवीकडे फेकली गेली. पार पलीकडच्या पट्ट्यात. मग सरळ झाली. दिसेनाशी झाली. थोड्या वेळाने मेसेज, "पोचले! बघ, काही होत नाही."

तेव्हा मात्र मी हेल्मेट घातलं. किल्ली लावली. खरं सांगते, निघालेच होते. आणि मग काढलं हेल्मेट. का ते सांगता येणार नाही. भित्री म्हटलं तर म्हणोत, असं मनात आलं आणि एकदम हलकं वाटलं.

मेट्रनचा फोन. "सिस्टर, खाडा लिहू?"

"नका लिहू. दिवस संपलेला नाही."

मेट्रनशी मी आजवर असं बोललेले नाही! त्यांनी फोन ठेवला.

उन्हं कलती व्हायला लागली तशी नळी हळूहळू खाली आली. तिरकी झाली. पुलावर अजून झोत होते, पण माझ्या ओळखीचे. गुडघे घट्ट, हात सैल. गेले. एकही पेशंट चुकवला नाही. हेडबाईंची जखम नखाएवढी राहिली आहे. येताना दिवे लागले होते.

हे खाली रस्त्यावर उभे होते. "झालं?" "झालं." एवढंच. पण मी जिना चढत नव्हते, तरंगत होते!

३१ मार्च, मंगळवार

महिना झाला. मेट्रननी बोलावलं. फेरी कायम! म्हणाल्या, "उशीर म्हणजे खाडा नव्हे. वारा बघून निघायची वेळ तुम्ही ठरवा." बाहेर येऊन मी पॅसेजमध्ये एकटीच टाळी वाजवली. वॉर्डबॉय दचकला.

सांगायला भिंगरीला फोन केला. उचलला नाही. ताई म्हणाली, चार दिवस बसनेच कामावर जातेय, गाडी बिघडली म्हणते.

२ एप्रिल, गुरुवार

भिंगरी आली. बसने. गाडीला काही झालेलं नाही. त्या दिवशी पुलावर, पलीकडच्या पट्ट्यात, समोर बस होती. तिने डोळे मिटले होते. उघडले तेव्हा बस निघून गेली होती, कशी ते तिला माहीत नाही. मग कडेला थांबून मला मेसेज केला.

तेव्हापासून गाडीला हात लावलेला नाही. कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या शेजारी बसून, खाली बघत विचारलं, "मावशी, सगळे बघत असताना तू बसून कशी राहिलीस? मला शिकव ना."