न वाळवलेली माती

९ जुलै, दुपार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझी पाठ कशी आहे? आईचा खोकला? मी बरी आहे; गुडघे कुरकुरतात, इतकंच. तीन वर्षांनी माझं अक्षर बघून पाकीट न फोडताच फेकशील, अशी भीती आहे. फोडलंस तर शेवटपर्यंत वाच.

तू बांधलेल्या दवाखान्याच्या भिंती दुसऱ्या ठेकेदाराने दुरुस्त केल्या होत्या ना, त्या पुन्हा तडकल्या. औषधखोलीचं दार खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. त्याने तर सिमेंट खाल्लं नव्हतं! मग मी इमारतीमागे खड्डा खणवला आणि ओली माती डब्यात बंद करून प्रयोगशाळेत आणली.

आमच्याकडे माती आधी ओव्हनमध्ये वाळवायची, मग पाणी घालून तपासायची, ही वीस वर्षांची सवय. तुझ्या वेळीही तेच केलं आणि जमीन चांगली असल्याचा अहवाल दिला. तेव्हा काळ्या मातीचा डबा उघडताना आमचे जुने मदतनीस म्हणाले होते, "बाई, हिला कुजका वास येतोय."

मी म्हटलं, "काका, अहवालात नाकाचा रकाना नाही." सगळे हसले.

या वेळी न वाळवता तपासली. पातळ चिखल व्हायला शंभर ग्रॅम कोरड्या मातीच्या हिशेबाने चौऱ्याऐंशी ग्रॅम पाणी लागलं. तीच माती ओव्हनमधून काढल्यावर पंचावन्न. मातीतली कुजलेली मुळं-पानं ओव्हनमध्ये आक्रसतात, पुन्हा तितकं पाणी धरत नाहीत. मग तपासणीत माती शहाण्यासारखी वागते. जमिनीत मात्र ती स्पंजासारखी असते, वजनाखाली वर्षानुवर्षं दबत जाते.

तू म्हणाला होतास, "ताई, मी तुझ्या कागदावर बांधलं." आणि मी, जिने व्यासपीठांवरून सत्य सत्य म्हणून घसा फोडला, भरसभेत गरजले, "सिमेंट खाणाऱ्याला भाऊ म्हणायची मला लाज वाटते!" टाळ्या पडल्या. तुझा परवाना गेला. आई पहिल्या रांगेत होती.

एवढी पुस्तकं वाचली, एक डबा हुंगला नाही.

दोन्ही आकडे माझ्या सहीनिशी, तुझा परवाना काढून घेणाऱ्या चौकशी समितीला पाठवलेत. ते पाकीट आधी टाकलं, मग तुला लिहायला बसले. उलट केलं असतं, तर कदाचित तुझ्या उत्तराची वाट बघत राहिले असते. नोकरी जाईल, जाऊ दे. फार दमले रे.

क्षमा मागायची हिंमत नाही. एवढंच कर, हे पत्र आईला वाचून दाखव. तिला कमी ऐकू येतं. मोठ्याने वाच, त्या दिवशी मी ओरडले होते, तितक्या मोठ्याने.

तुझी, म्हणू दिलंस तर,
ताई