आत माणूस आहे

५ नोव्हेंबर

टिटवे,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे. मुद्दामच नाही लिहिलं. तू बरी असशील. मी बरी आहे. मावशी बरी आहे, तिचं पडद्यांचं दुकान बरं आहे, आईला तिथे शिवणाचं काम लागलंय तेही बरं चाललंय. झालं सगळं विचारून आणि सांगून. आता मुद्द्याचं.

तू पाटी काढलीस!

नाही म्हणू नकोस. तुझ्या आईने माझ्या आईच्या फोनवर फोटो पाठवलाय. तुम्ही दोघी जिन्याच्या पायरीवर बसलायत, आणि बाबाकडे आईबरोबर राहायला आलेल्या त्या मुलीच्या डोक्यावर माझं पिवळं हेल्मेट आहे. कप्तानाचं हेल्मेट! ते पाणबुडीच्या आत, आरशाशेजारच्या खिळ्याला असतं. मी निघाले तेव्हा माझ्या हाताने अडकवलं होतं. म्हणजे तुम्ही आत गेलात. म्हणजे दार उघडलं. म्हणजे पाटी काढली. मला काही कळत नाही असं वाटलं का तुला?

मी जाळी ओढून घेतली आणि कडीला पाटी तारेने बांधली, तेव्हा तू शेजारीच उभी होतीस. 'आत माणूस आहे. हात लावू नका.' बाबाची जुनी पाटी, एका कोपऱ्यात चेपलेली, मी कप्तान झाले तेव्हा त्याने मला दिलेली. आणि लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांचा नियमही तुला पाठ आहे. ज्याने पाटी लावली त्यानेच काढायची. दुसऱ्या कुणीही नाही. साहेब आला तरी नाही, इमारतीतले सगळे जिने चढून दमले तरी नाही. बाबाच्या हाताखालचा एक जण लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला असताना वरच्या शहाण्याने पाटी काढून बटण दाबलं होतं, खालच्याचं बोट गेलं. बाबाने हे आपल्याला सांगितलं तेव्हा तूच किंचाळली होतीस. तुझं नाव टिटवी पडलं ते उगाच नाही.

ती लिफ्ट बंद पडलेली आहे, मालाची आहे, जुनी आहे, कबूल. पण ती आपली पाणबुडी आहे. तिसऱ्या मजल्याचं बटण दाबलं की देवमाशांचं गाव लागतं आणि तळघराचं दाबलं की अंधारदरी, हे त्या मुलीला कुणी सांगितलं? तूच सांगितलं असणार. तिला आमची खोली मिळाली, माझ्या खिडकीतलं पेरूचं झाड मिळालं. आता देवमासेसुद्धा तिलाच का?

आईने तो फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. हेल्मेट नाही पाहिलं तिने. मागे आमच्या दाराबाहेर चपला होत्या, त्या पाहिल्या. बायकी, त्या मुलीच्या आईच्या. मग फोन उलटा ठेवला आणि मशीनवर बसली. त्या दिवशी तिने एका पडद्याची खालची पट्टी वर शिवली. मावशी म्हणाली, "अगं, हा पडदा लावणारा काय डोक्यावर उभा राहणार आहे का?" तरी आई हसली नाही.

तुला उत्तर द्यायचं तर दे, नाही तर नको देऊस.

तुझी (अजून ठरवलेलं नाही)
कप्तान


१७ नोव्हेंबर

प्रिय टिटवी,

बघ, लिहिलं.

तुझं पत्र मिळालं. 'तू स्वतःला कोण समजतेस' हे तीनदा लिहायची गरज नव्हती, एकदा लिहिलं असतंस तरी पोचलं असतं. पण ठीक आहे. मी तसंच काहीतरी लिहिलं होतं.

तर तू पाटी काढली नाहीस. जाळीच्या फटीतून तुझ्या आजोबांच्या छत्रीचा दांडा घालून हेल्मेट ओढलंस आणि त्यात कोपर सोलून घेतलंस. दारही उघडलं नाही. नियम मोडला असं म्हणता येणार नाही, पण पाळला असंही म्हणता येणार नाही. दुय्यम कप्तानाला हे शोभत नाही. कोपराला औषध लाव.

आणि तुम्ही आत जात नाही, बाहेर पायरीवर 'बंदर बंदर' खेळता, पाणबुडी परत यायची वाट बघत. हे मला आधी का नाही कळवलंस?

तू तिच्याबद्दल लिहिलंयस ते मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा रागाने वाचलं, म्हणून दुसऱ्यांदा वाचावं लागलं. तिने तुला विचारलं, "आत कोण आहे?" तू म्हणालीस, "आमची कप्तान." त्यावर ती म्हणाली, "मग ती जेवते कधी?" आणि तेव्हापासून शाळेतून आली की जाळीतून एक बिस्किट आत सरकवते. पाणबुडीत मुंग्या झाल्या, वॉचमन बोंबलतोय, तरी ऐकत नाही. मला खूप हसू आलं. मग हसू आलं याचा राग आला. तिला सांग, क्रीमची नको देऊस, मुंग्या त्यालाच येतात.

तिचं मांजर तिच्या आधीच्या घरीच राहिलं हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी काय करणार होते म्हणा.

आता तुझ्या पत्रातलं शेवटचं. नवी लिफ्ट बसणार, जुनी भंगारात जाणार, माणसं घण घेऊन आली आणि बाबा पाटीसमोर उभा राहिला. तू सगळं बोलणं लिहून पाठवलंस ते बरं केलंस.

"पाटी काढा हो," सेक्रेटरीकाका म्हणाले.

"माझी नाही ती," बाबा म्हणाला.

"मग कुणाची?"

"जिने लावली तिची. ती येऊन काढेल."

"अहो, पोरीने खेळता खेळता लावलीय! आत काय खरंच माणूस आहे?"

"पाटी आहे ना? मग आहे."

आणि माणसं परत गेली. सेक्रेटरीकाका पाय आपटत वर गेले. वॉचमन म्हणाला, "आत मुंग्या तर नक्की आहेत." तुम्ही दोघी टाळ्या वाजवत होतात. 'तुझा बाबा किती भारी आहे गं,' असं तू लिहिलंयस.

भारी! टिटवी, मी ते वाचलं आणि इतकी चिडले की पेनाचं टोपण चावून फोडलं. एका पत्र्याच्या पाटीसाठी सगळी इमारत थांबवतो. आईला नाही थांबवलं. मला नाही थांबवलं. आम्ही सामान बांधत होतो तेव्हा हाच माणूस खोकी उचलून खाली नेत होता, आणि "हे जड आहे, मी घेतो" म्हणत होता. मी वाट बघत होते, कुठल्या तरी खोक्यापाशी तरी म्हणेल की हे नको नेऊस. नाही म्हणाला. मग मी खाली गेले आणि पाटी लावली. तुला वाटलं पाणबुडीसाठी लावली. मीही तुला तसंच सांगितलं होतं.

आम्ही घराच्या दारालाच लावायला हवी होती.

हे सगळं मी आईला वाचून दाखवलं, तुझं पत्र, माझं नाही. ती पडद्याला कड्या लावत होती. हातातली कडी लावून झाली. मग म्हणाली, "तो तसाच आहे. कामातला नियम म्हटला की जीव गेला तरी मोडायचा नाही."

मी म्हटलं, "आणि घरातला?"

"घरात त्याने कुठे पाटी लावली होती?" मग तिने माझ्या फ्रॉकवरचा दोरा काढून टाकला. "फोन रोज करतो तो. तू घेत नाहीस."

"नाहीच घेणार."

"बरं, नको घेऊस. पण तिकडे जायचं असेल तर जा. मला वाईट वाटेल म्हणून अडू नकोस. मला वाटायचं ते वाईट वाटून झालंय."

ते खोटं होतं. कडी उलटी लावली होती तिने. मी सुलटी करून दिली.

फोनचं मी तुलाही सांगितलं नव्हतं. विचारू नकोस. हेल्मेट तिच्याकडेच राहू दे, पण घालून झोपत असेल तर पट्टा सोडायला सांग, गळ्याला काचतो.

तुझी
कप्तान


१८ नोव्हेंबर

बाबा,

मी बरी आहे. आई बरी आहे. तू कसा आहेस ते विचारत नाही, टिटवीकडून कळतं.

मी रविवारी सकाळच्या बसने येते आहे. आई मला बसमध्ये बसवून देईल. तू स्टॉपवर ये. एकटा ये.

टिटवीने पाटीचं कळवलं. तुला शाबासकी देण्यासाठी हे पत्र नाही. तू बरोबर केलंस, पण एकाच ठिकाणी बरोबर केलंस. मला तुझ्याशी भांडायचं आहे. फोनवर नीट भांडता येत नाही, आई शेजारी असते, आणि तू फोनवर फार हळू बोलतोस. मला तुला विचारायचंय की खोकी का उचललीस. उत्तर तयार करून ठेव. 'मोठी झालीस की कळेल' हे उत्तर चालणार नाही.

मला येऊन आधी पाणबुडीत जायचंय. टिटवी येईल आणि ती मुलगीही येऊ दे, तिने इतके दिवस खाऊ पाठवलाय. मुंग्या तू झाडून ठेव. आम्ही एकदा देवमाशांच्या गावाला जाऊन येऊ. लिफ्ट जाग्यावरून हलत नाही हे मला माहीत आहे, पुन्हा समजावू नकोस. परत वर आलो की पाटी मी काढीन, माझ्या हाताने. मग सेक्रेटरीकाकांना काय तोडायचं ते तोडू दे. पाटी मात्र मी आईकडे घेऊन येणार आहे.

संध्याकाळच्या बसने मी परत जाईन. राहणार नाही. पुढच्या वेळी राहीन की नाही ते तुझ्या उत्तरावर आहे.

रविवारपर्यंत कुणालाही हात लावू देऊ नकोस. तूही लावू नकोस. उभा राहा तिथे.

तुझा,
आतला माणूस