न फोडलेली गोवरी

मी, पंचशीला निवृत्ती सोनकांबळे, वय ४६, बी.ए. बी.एड., गावच्या शाळेत शिक्षिका, राहणार मौजे हाळदवाडी, तालुका उदगीर, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. कोणाचा दबाव नाही. भीती आहे, ती लपवत नाही: शुक्रवारी लातूरला पित्ताशयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, साधी आहे. साधी असेल तर संमतीच्या कागदावर तीन ठिकाणी सह्या कशाला, हे विचारायला हवे होते, विचारले नाही.

१. राहते घर पती निवृत्ती यांना. मागच्या खोलीचा पत्रा गळतो हे मी सहा वर्षे सांगत आहे, ते इथेही नमूद करते.

२. एक एकर दहा गुंठे जमीन व बँकेतील ठेव मुलगी बुद्धप्रिया हिला. जमीन ठेवावी असे मला वाटते, पण मृत्युपत्रातून हट्ट करणे बरे नाही.

३. माझ्या एकोणीस डायऱ्याही बुद्धप्रियाला. वाचल्या तरी चालतील. २०२२ च्या डायरीत मार्चची सात पाने कोरी आहेत. कारण कलम पाचमध्ये आहे.

४. पत्र्याचा डबा. आत दोन गारगोट्या, कानशीचा तुकडा, जाळून काळा केलेला शेवरीचा कापूस. पाचवीला आदिमानवाचा धडा शिकवताना मी म्हणाले, माणसाने दगडावर दगड घासून आग काढली. मागच्या बाकावरून पुनम म्हणाली, "बाई, तुम्ही काढून दाखवा की." अर्धा तास घासले. मुख्याध्यापक दारातून म्हणाले, "बाई, काडीपेटी देऊ का?" त्याबद्दल या कागदाने त्यांना माफ करते, बहुतेक.

मला शिकवले नागप्पा मेंढपाळांनी. खतासाठी शेतकरी त्यांना बोलावून रानात मेंढरं बसवून घ्यायचे. रविवारी मी माळावर त्यांच्याजवळ जायचे. दोन महिने बोटे सोलून घेतली. "जोर नको बाई. दगडानं लोखंडाची साल काढायची," ते म्हणत. कापसाने पहिली ठिणगी धरली तेव्हा म्हणाले, "हाव, आता फुका. लेकराच्या डोळ्यात फुंकर घालता तसं."

गोवरीत विस्तव राखून पुढच्या मुक्कामाला न्यायचेही त्यांनीच शिकवले, आणि ताकीद दिली: "गोवरी वरून विझली दिसती, आतून जागी असती. सोडून जायचं तर फोडायची, पाणी घालायचं."

५. १३ मार्च २०२२, रविवार. मी माळावर एकटी होते, नागप्पा मेंढरं घेऊन पलीकडच्या रानात गेले होते. विस्तव संध्याकाळपर्यंत टिकतो का हे पाहायचे होते, म्हणून गोवरी न फोडता बांधावरच्या खड्ड्यात ठेवली, वर दगड ठेवला आणि जेवायला घरी आले. दुपारी वारा सुटला. शेजारच्या रानातली शेषेराव बिरादार यांची कडब्याची गंज जळाली. जनावरे वाचली. माणसे जमली तेव्हा शेषेराव नागप्पांना म्हणाले, "बिडी ओढत बसला होतास न्हवं? चकमक तुझ्याच खिशात हाय."

"न्हाई मालक," नागप्पा म्हणाले. मग माझ्याकडे पाहिले. मी राखेकडे पाहिले. त्यांना कळले होते, तरी ते बोलले नाहीत.

तेव्हापासून आमच्या शिवारात त्यांची मेंढरं कोणी बसवत नाही. तीन वर्षे मी स्वतःला सांगत आले की माझ्या नोकरीचा प्रश्न होता, आमच्या सगळ्या वस्तीकडे बोट दाखवले गेले असते. दुसरे कारण खरे आहे. त्याच्याआड मी लपले, हेही खरे आहे.

आग माझ्यामुळे लागली, नागप्पांमुळे नाही. हे माझ्या मृत्यूनंतर गावात वाचून दाखवावे. डबा नागप्पांना द्यावा.

सही करण्यापूर्वी दुसऱ्या दिवशी वाढवलेला मजकूर:

साक्षीदार म्हणून मी मुद्दाम शेषेराव भाऊंना बोलावले. साक्षीदाराला मजकूर माहीत असण्याची गरज नसते. तरी कलम पाच मोठ्याने वाचले. त्यांनी पेनला टोपण लावले.

"म्हणजे तुम्ही गेल्यावर मला कळणार होतं? मग मी भांडायचं कुणाशी?"

आत्ता भांडा, मी म्हणाले.

"भांडणारच हाय. आधी म्हाताऱ्याकडं चला. गाडी काढतो."

नागप्पांचा तळ देगलूर रस्त्याला होता. शेषेराव उभ्यानेच म्हणाले, "यंदा माझ्या रानात मेंढरं बसव, नागप्पा." नागप्पांनी हो म्हटले नाही. मला विचारले, "बाई, फोडली का गोवरी?"

फोडली, मी म्हणाले.

"मग पाणी बी घाला. आपल्या तिघांत बोलून काय विझतंय? गावात सांगा."

म्हणून कलम पाचमधील 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द खोडले आहेत. खाडाखोड माझ्याच हातची आहे. ते कलम उद्या, गुरुवारी सकाळी दहा वाजता, चावडीपुढे मी स्वतः वाचणार आहे. ज्याला वस्तू द्यायची त्याने साक्षीदार होऊ नये म्हणतात, आणि दुसरे साक्षीदार नागप्पाच, म्हणून डबा आजच त्यांच्या हाती दिला. मृत्युपत्रात तो आता नाही.

आम्ही तिघांनी एकमेकांसमोर सह्या केल्या.

पंचशीला निवृत्ती सोनकांबळे (सही)

साक्षीदार १: शेषेराव बिरादार (सही)
साक्षीदार २: नागप्पा ईरप्पा (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: देगलूर रस्ता, मेंढरांचा तळ
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५